वेढ्यातली रिकामी जागा

२०१६ सालच्या जानेवारीत, एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर माझी आई पनवेलजवळच्या करंजाड्यातल्या आमच्या घरातून एकटी बाहेर पडली. दाराची वरची कडी निघालेली होती. ही कडी तिच्या हाताला लागू नये म्हणून दिवाळीनंतर बसवून घेतली होती. कडीखाली स्वयंपाकघरातले स्टूल होते. तिच्या चपला स्टँडवर होत्या, म्हणजे ती अनवाणी गेली होती. अंगावर फिकट निळी, बारीक फुलांची साडी. जवळ फोन नाही, पत्ता नाही.

एवढेच तपशील पोलीस चौकीत दिले. हवालदाराने विचारले, "विसरतात का?" मी हो म्हटले. त्यांनी लिहून घेतले आणि मान वर न करता म्हणाले, "खाडीकडची बाजू आधी बघून घ्या. संध्याकाळी भरती आहे."

आई दोन वर्षांपासून विसरत होती. आधी नावे, मग वार, मग आपण दादरची जागा सोडून पनवेलला आलो आहोत ही गोष्ट. डॉक्टरांनी सांगितले होते की अशी माणसे घराबाहेर पडतात, चालत राहतात आणि कुठे जायचे होते ते त्यांना सांगता येत नाही. ती अंधार पडायच्या आत सापडायला हवी होती. जानेवारीत अंधार लवकर पडतो.

त्या दुपारी जे केले ते कळण्यासाठी मी तेव्हा काय शिकत होते ते सांगावे लागेल.

मी बरीच वर्षे एका मराठी दैनिकात बातम्यांच्या टेबलावर काम केले. आमची आवृत्ती बंद झाली. त्यानंतर जुन्या पनवेलमध्ये, भाजी मार्केटच्या पुढे, दुकानांच्या वरच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या एका छोट्या कंपनीत मला काम मिळाले. कंपनी एका निवृत्त प्राध्यापिकेची. त्यांनी कॉलेजात गणित शिकवले होते. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणत असू. गाड्यांवर बसवलेल्या यंत्रांतून गाडी कुठे होती याच्या नोंदी येत, त्यांचा अर्थ लावून अहवाल करायचे हे आमचे काम. त्या हिवाळ्यात हातात घंटागाड्यांचे काम होते. कचरा उचलणाऱ्या ठेकेदाराला गाड्या कुठे पोहोचत नाहीत हे दाखवायचे होते.

मॅडमनी मला सांगितले, "टोपॉलॉजिकल डेटा अ‍ॅनालिसिस शीक. इंटरनेटवर व्याख्याने आहेत. अडलं की मला विचार."

अडणे पहिल्या व्याख्यानापासूनच सुरू झाले. फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाची भाषा मला कळत नव्हती. मी प्रत्येक व्याख्यान दोनदा ऐकत असे आणि दुसऱ्यांदाही शेवट कळत नसे. मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतले होते, त्यातले तीन संपले होते. दैनिकात टेबलावर आलेली बातमीची कॉपी कळली नाही तर वार्ताहराला फोन लावता येत असे. इथे तशी सोय नव्हती.

शेवटी मॅडमनी कागद घेतला आणि ठिपके काढले. प्रत्येक ठिपका म्हणजे गाडी जिथे थांबली ती जागा. "प्रत्येक ठिपक्याभोवती वर्तुळ काढ. सगळी वर्तुळं एकाच वेगाने मोठी करत जा. शेजारची वर्तुळं एकमेकांना भिडतात, त्यांची साखळी होते. साखळी गोल फिरून स्वतःलाच मिळाली की मध्ये काय राहतं?"

"रिकामी जागा."

"ते छिद्र. वर्तुळं आणखी मोठी केली की छिद्र बुजतं. आता प्रत्येक छिद्रासाठी एक पट्टी ओढ. छिद्र दिसलं तिथे पट्टी सुरू, बुजलं तिथे संपली. आखूड पट्टी म्हणजे किरकोळ फट, ती सोडून द्यायची. लांब पट्टी म्हणजे तिथे खरोखर काहीतरी नाहीये."

हे मला कळले. कळण्याचे कारण घरात होते. रविवारी सकाळी आई घावन घाली. घावनाचे पीठ पातळ असते. ते तव्यावर आधी कडेने गोल सोडायचे आणि मग मध्ये भरत यायचे. थेंब पसरतात, शेजारच्या थेंबाला मिळतात, बारीक भोके आपोआप मिटतात. मध्यभागी पीठ पडले नाही तर मोठे भोक मात्र मिटत नाही. मी मॅडमना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "ठेकेदाराला असंच सांग. गणित म्हटलं की उठून जाईल, नाश्ता म्हटलं तर बसेल."

मी मॅडमना अर्धेच सांगितले होते. त्या महिन्यात दोनदा असे झाले होते की कडेचे वर्तुळ घालून आईचा हात थांबला. पळी हातात, पीठ पळीत, तवा तापलेला. ती तव्याकडे बघत राहिली. मी गॅस बंद केला.

घंटागाड्यांच्या नोंदी घेऊन मी पहिला नकाशा केला. एका वस्तीभोवती ठिपक्यांचे पूर्ण कडे होते आणि आत एकच ठिपका होता. मी तो काढून टाकला. टेबलावरचा नियम असा होता की एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट छापायची नाही. दुसरीकडून दुजोरा मिळेपर्यंत ती बाजूला ठेवायची. एकट्या ठिपक्याला दुजोरा नव्हता.

मॅडमनी विचारले, "आतला ठिपका कुठे गेला?"

"एकटा होता. चुकीचा असणार."

"असणार म्हणजे? एका ठिपक्याने छिद्र बुजतं, आणि एक काढला की उघडतं. काढायचा नाही, ठेवायचाही नाही. आधी विचारायचं. फोन कर ड्रायव्हरला."

ड्रायव्हर म्हणाला, "ताई, मी आत रोज जातो. ती मशीनच मधे मधे झोपते. धक्का मारला की उठते." त्याच्या गाडीवरचे यंत्र तपासले. ते खरेच मधून मधून बंद पडत होते. ठिपका खरा होता. तो परत घातला.

त्याच आठवड्यात मी आणखी एक प्रश्न विचारला होता. वस्तीच्या एका बाजूला मोकळे मैदान होते. तिकडे एकही गाडी जात नव्हती, पण तिथे पट्टी उमटत नव्हती. मॅडम म्हणाल्या, "उमटणारच नाही. छिद्र व्हायला सगळीकडून वेढा लागतो. एक बाजू उघडी असेल तर या पद्धतीला ती जागा दिसतच नाही. अहवालाच्या पहिल्या पानावर लिही हे. नाहीतर लोक समजतील, पट्टी नाही म्हणजे सगळं ठीक आहे."

आई गेली त्या दुपारी आमच्या सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरी काकांनी सूत्रे घेतली. ते बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आईचा फोटो टाकला आणि खाली लिहिले की ज्याने जिथे बघितले त्याने तिथून लोकेशन टाकावे, म्हणजे एकाच जागी दहा जण जाणार नाहीत. रविवार असल्यामुळे माणसे घरी होती. मोटरसायकली निघाल्या, स्कूटर निघाल्या. शेजारच्या दोन सोसायट्यांतलीही माणसे आली. माझा नवरा पनवेल स्टेशनकडे गेला. घरी किंवा ऑफिसात कोणीतरी फोनपाशी थांबायचे होते, ते माझ्याकडे आले.

लोकेशन येत होती. प्रत्येकाखाली दोन शब्द. बाग, नाही. दवाखाना, नाही. रिक्षा स्टँड, नाही. बघितलं, नाही. मी लॅपटॉप आणला आणि ती एकेक करून नकाशावर चढवू लागले.

काका म्हणाले, "ताई, आत्ता ऑफिसचं काम?"

"ऑफिसचंच आहे, पण आईसाठी."

ते खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसले.

नुसता नकाशा पाहिला तर सगळीकडे ठिपके दिसत होते. आमच्या नव्या वसाहतीच्या सेक्टरांतले रस्ते भरून गेले होते. वर्तुळे किती मोठी धरायची हा प्रश्न होता. एक माणूस रस्त्यावरून जाताना दोन्ही बाजूंना किती लांबचे नीट बघतो, एवढी धरायला हवीत. काका म्हणाले, "गाडीवरून? इमारतीच्या गेटपर्यंत. पुढचं काय दिसतंय." तेवढी धरली आणि मोठी करत नेली. पट्ट्या उमटल्या, सगळ्या आखूड. दोन इमारतींमधल्या फटी, एक बंद प्लॉट, बसस्टॉपमागचा तुकडा.

त्याचा अर्थ एकच होता. आमच्या भागात न पाहिलेली मोठी जागा उरली नव्हती. आई इथे असती तर कोणाला तरी दिसायला हवी होती.

मी नवऱ्याला फोन केला. तो प्लॅटफॉर्मवर होता.

"म्हणजे ती इकडे नाहीच?"

"नकाशावरून तसं दिसतंय."

"मग कुठे, गाडीत बसली? हायवेला गेली?"

त्याच्यामागे गाडीची सूचना चालू होती. मग तो म्हणाला, "मी खाडीकडे जातो," आणि फोन बंद केला. ऑफिसच्या खिडकीतून दिसणारे ऊन समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर गेले होते.

मी यादी पुन्हा वरून वाचायला घेतली. आमच्या सेक्टरांच्या मधोमध जुने गाव आहे. सेक्टर नंतर आखले गेले, गावाच्या चारी बाजूंनी. गावाभोवतीच्या रस्त्यांवर ठिपक्यांचे दाट कडे होते. गावाच्या आत, देवळाशी, एक ठिपका होता. एकच.

हा ठिपका आमच्याच विंगमधल्या शेजाऱ्याने टाकला होता. खाली लिहिले होते, "गाव, नाही." मी त्यांना फोन केला. ते तोपर्यंत परत आले होते. खालीच पार्किंगमध्ये होते, ते ऑफिसात आले.

"दादा, तुम्ही गावात बघितलंत ना?"

"हो, बघितलं की. म्हणजे गावाच्या कमानीपर्यंत गेलो."

"कमानीच्या आत?"

"आत कुठे जाणार? हळदीचा मांडव घातलाय रस्त्यातच. गाडी घालायला जागा नाही. कमानीजवळच्या टपरीवाल्याला विचारलं ना. तो म्हणाला, बाहेरची कोणी बाई आत गेलेली नाही."

"पण लोकेशन देवळाचं आहे."

त्यांनी फोन काढून दाखवला. लोकेशन टाकताना जवळच्या ठिकाणांची यादी आली होती. तिच्यात सगळ्यात वर देवळाचे नाव होते. त्यांनी ते दाबले होते. "गावाचंच देऊळ आहे ना? गाव म्हणजे गाव."

काका म्हणाले, "अहो, कमानीवरून गाव बघितलं म्हणजे गेटवरून बँक बघितली."

"काका, तुम्ही गेलायत का कधी आत?" शेजारी म्हणाले.

काका गेले नव्हते. मीही नव्हते. आम्ही करंजाड्यात चार वर्षे राहत होतो. गावातून आमच्याकडे दूध येई, सुकी मासळी घेऊन एक बाई येई, हळदीच्या दिवशी गाण्यांचा आवाज येई. त्या दिवशीही सकाळपासून येत होता. त्यामुळे आमच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या.

मी देवळावरचा ठिपका काढून कमानीवर ठेवला. गणित पुन्हा चालवले. एक पट्टी लांब झाली. बाकी सगळ्या संपल्यानंतरही ती पुढे जात राहिली.

काकांनी पडद्याकडे बघून विचारले, "म्हणजे आई तिथे आहेत?"

"नाही. तिथे कोणी बघितलेलं नाही, एवढंच."

नकाशा नुसत्या डोळ्यांनी पाहिला असता तरी हे कळू शकले असते. ऑफिसात आम्ही तिघे होतो आणि तिघांनाही कळले नव्हते.

दुसरी गोष्टही सांगणे भाग होते. खाडीच्या बाजूला पट्टी नव्हती. तिथे रस्ते संपतात, पुढे चिखल आणि खारफुटी. ती बाजू उघडी होती. मी काकांना म्हटले, "खाडीकडे पट्टी नाही याचा अर्थ तिकडे बघायचं नाही असा नाही. तिकडचं या पद्धतीला दिसत नाही." त्यांनी चौघांना टॉर्च घेऊन माझ्या नवऱ्याकडे पाठवले. मी शेजाऱ्यांच्या मोटरसायकलवर मागे बसले. वाटेत ते एकदाच बोलले. "मी उतरून जायला हवं होतं का?" मी म्हटले, "आता चला."

कमानीपाशी त्यांनी गाडी लावली. टपरीवाल्याने आमच्याकडे पाहिले आणि गाण्यांच्या आवाजावर ओरडून म्हणाला, "परत आलात? सांगितलं ना, बाहेरची नाय आली कोन." आम्ही आत गेलो.

मांडव रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत होता. बाहेर चपलांचा ढीग. आत एका अंगाला पुरुष मोठ्या टोपांपाशी, दुसऱ्या अंगाला बायका. काही भाकऱ्या थापत होत्या. त्यांच्या पलीकडे ताडपत्रीवर बायकांची एक रांग लसूण सोलत बसली होती. मी प्रत्येकीच्या चेहऱ्याकडे बघत गेले. पहिल्या खेपेला आई मला दिसली नाही. कपाळाला आणि गालांना हळद लागलेली होती, आणि डोक्यावर पदर होता, जो ती कधी घेत नसे. मी पुढे गेले आणि साडी ओळखून मागे आले.

ती म्हणाली, "अगं, बस लवकर. केवढा लसूण राहिलाय."

शेजारची बाई हातातली पाकळी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. "तुझी आय हाय ही?"

"हो."

"या बाय! आमी म्हनतो नवरदेवाच्या मामीकडची असंल. ते म्हनतात तुमच्याकडची. दुपारपासनं सोलतेय बिचारी, सगल्यांपेक्षा भराभर. चहा दिला, जेवन दिलं." तिने पलीकडे हाक मारली, "ए, हिची पोर आली बघ!" आणि पुन्हा माझ्याकडे वळली. "मघाशी इचारलं कोनाची गो तू, तर नाव सांगितलं. भोंग्यावरनं पुकारलं ना आमी दोनदा! ऐकलं नाय? तुमच्या बिल्डिंगीत काय कानात बोले घालून बसता?"

"काय नाव सांगितलं?"

तिने सांगितले. ते आईचे माहेरचे नाव होते. त्या नावाने तिला हाक मारणारे कोणी आता उरलेले नाही.

शेजारी म्हणाले, "टपरीवाला म्हणाला बाहेरची कोणी आली नाही."

"मंग? आली का बाहेरची?" ती बाई म्हणाली आणि हसली. भाकऱ्या थापणाऱ्याही हसल्या. शेजारी मांडवाच्या खांबाला धरून उभे होते.

मी नवऱ्याला फोन लावला. तो उचलला गेला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. खाडीच्या बाजूला अंधार झाला होता आणि भरतीची वेळ झाली होती. तो पाण्याच्या किती जवळ गेला असेल याची मला कल्पना नव्हती. आई माझ्या बाजूला बसून पाकळ्या सोलत होती आणि मी फोन कानाला लावून उभी होते. त्याच्याकडे टॉर्च घेऊन गेलेल्यांपैकी एकाला लावला. त्याने उचलला.

"सापडली," मी म्हटले.

तो ओरडला, "सापडल्या!" मग चिखलातून पाय काढल्याचा आवाज आला, मग दुसरा श्वास. माझा नवरा होता. त्याने विचारले, "कशी आहे?"

"लसूण सोलतेय."

पलीकडे तो बाकीच्यांना म्हणाला, "चला, वर या."

आई उठायला तयार नव्हती. हातातली परडी संपल्याशिवाय उठणार नाही म्हणाली. मी आणि शेजारी तिच्या बाजूला ताडपत्रीवर बसलो आणि सोलू लागलो. परडी संपल्यावर ती उठली. त्या बाईने तिला पानात गुंडाळून भाकरी दिली आणि मला म्हणाली, "परत आली तर घाबरू नको. हितंच असंल."

बाहेर आईने चपलांच्या ढिगात पाय घातला आणि चालू लागली. ती कमानीपर्यंत चालत आली. तिथून रिक्षा केली. पोलीस चौकीत काकांनी कळवले. ग्रुपवर त्यांनीच लिहिले, "मिळाल्या. गावात. धन्यवाद."

घरी तिचे पाय धुतले. डाव्या टाचेला काच लागली होती, खोल नव्हती. तिने भाकरी खाल्ली आणि झोपली. स्टूल मी बेडरूममध्ये नेऊन ठेवले. तेव्हा दारात काढलेल्या चपलांकडे लक्ष गेले. हिरव्या पट्ट्यांच्या, एक माप मोठ्या. आईच्या चपला स्टँडवर होत्या तिथेच होत्या.

सोमवारी ऑफिसला जाण्याआधी त्या परत करायला मी गावात गेले. मांडवात लग्नाला निघायची गडबड होती. कालच्या बाईने चपला हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या आणि घरातल्या बायकांना बाहेर बोलावले. त्या चपला त्यांच्यापैकी कोणाच्याही नव्हत्या. "मामीकडच्या असतील," ती म्हणाली आणि दारातल्या चपलांत त्या ठेवून दिल्या.